जुना डीएसएलआर की नवा मिररलेस? दोन्ही कॅमेरे शेजारी ठेवून पारखण्याची रीत

घरात आठ-दहा वर्षांचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, तो व्यवस्थित चालतोही, पण आजूबाजूला ज्याच्या-त्याच्या हातात मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) दिसू लागला आहे. अशा वेळी कॅमेरा बदलावा की नाही, या एका प्रश्नात मी जवळजवळ वर्षभर अडकलो होतो. माझ्याकडे निकॉनचा डी७५० आहे, जो सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झाला. त्याच्याशी मी ताडून पाहिला तो ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालेला निकॉन झेड६ टू. मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो, पावसाळ्यानंतर किल्ल्यांवर जातो आणि थंडीत भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर पक्ष्यांसाठी जातो. त्यामुळे मंद उजेड, वेगवान हालचाल आणि दिवसभराची पायपीट या तिन्ही कसोट्या माझ्या कामातच होत्या.

पहिल्या खेपेला मी केलेली तुलना पूर्णपणे चुकीची होती. मित्राने झेड६ टूवर संध्याकाळच्या कोवळ्या उजेडात काढलेली आणि मी डी७५०वर भर दुपारी काढलेली छायाचित्रे मी संगणकावर शेजारी-शेजारी लावली. लेन्स वेगळ्या, उजेड वेगळा, दोन्ही फाइल जेपीईजी, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः संस्कार करून तयार केलेल्या. अर्थातच नवा कॅमेरा सरस वाटला. पुढे तोच कॅमेरा तीन दिवस भाड्याने आणून, एकच लेन्स दोन्हींना लावून, ठरवून चाचण्या घेतल्या तेव्हा चित्र बदलले. सेन्सरच्या बाबतीत दोघांमधले अंतर मला वाटले होते त्याहून बरेच कमी निघाले, तर फोकस, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून पाहायची खिडकी) आणि जुन्या लेन्सचे पुढे काय होते, या तीन बाबतींत ते बरेच मोठे निघाले. शिवाय हे मोठे अंतर प्रत्येकाच्या उपयोगाचे नसते. तुमच्या उपयोगाचे आहे का, हे तुमच्याच कामावर तपासता यावे म्हणून ही रीत लिहून ठेवत आहे. उदाहरणे निकॉनची असली, तरी लेन्सची पायरी वगळता बाकी सर्व पायऱ्या कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यांना लागू पडतात.

सुरुवातीला जमवायच्या वस्तू आणि कागदपत्रे

- दोन्ही कॅमेरे, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटऱ्यांसह
- दोन्हींवर चालणारी एकच लेन्स (मी एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी वापरली) आणि ती मिररलेसवर बसवण्यासाठी एफटीझेड ॲडॉप्टर
- भक्कम ट्रायपॉड
- एकाच प्रकारची दोन एसडी कार्डे, रिकामी करून
- बारीक अक्षरांचे वर्तमानपत्राचे पान
- दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल (सेन्सरवरून आलेली, संस्कार न केलेली माहिती) उघडणारे सॉफ्टवेअर. निकॉनसाठी कंपनीचे एनएक्स स्टुडिओ मोफत मिळते
- नोंदींसाठी वही
- कॅमेरा भाड्याने घेणार असाल तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि अनामत रक्कम

भाड्याने घेताना दुकानातच कॅमेऱ्याच्या सर्व बाजूंची, स्क्रीनची आणि लेन्सच्या काचेची छायाचित्रे मोबाइलवर काढून घ्या आणि पावतीवर कॅमेऱ्याचा क्रमांक लिहिला आहे ना, ते पाहा. आधीच पडलेल्या ओरखड्याची भरपाई परत करताना मागितली गेली, तर ही छायाचित्रेच कामाला येतात.

१. आपण नेमके काय टिपतो, ते आधी मोजा

गेल्या दोन वर्षांतली तुमची आवडती दोनशे-तीनशे छायाचित्रे वेगळी काढा आणि प्रत्येकाची आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता), शटरचा वेग आणि लेन्सची फोकल लेंग्थ पाहा. ही माहिती फाइलमध्येच साठवलेली असते आणि बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावरून छायाचित्रे गाळून पाहता येतात. मी स्वतःला रात्रीच्या उजेडातला छायाचित्रकार समजत होतो. प्रत्यक्षात माझी बहुतेक छायाचित्रे आयएसओ ३२०० च्या आतली निघाली आणि वाया गेलेल्या छायाचित्रांमध्ये नॉइजपेक्षा (जास्त आयएसओवर दिसणाऱ्या दाण्यांपेक्षा) चुकलेल्या फोकसचे प्रमाण कितीतरी अधिक होते. हे आधी कळले नसते, तर मी सगळ्या चाचण्या नॉइजवरच खर्च केल्या असत्या.

२. जुन्या कॅमेऱ्याची तब्येत पाहून मगच त्याला चाचणीला उभा करा

धुळीने भरलेला सेन्सर आणि फोकस सरकलेली लेन्स घेऊन जुन्या कॅमेऱ्याची तुलना कोऱ्या कॅमेऱ्याशी करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सेन्सर साफ करून घ्या. त्यानंतर फोकसची तपासणी करा, कारण डीएसएलआरमध्ये फोकसचे मोजमाप आरशाखाली बसवलेला वेगळा सेन्सर करतो आणि छायाचित्र मात्र मागच्या मुख्य सेन्सरवर उमटते. या दोन वाटांच्या लांबीत किंचित फरक पडला, तरी फोकस डोळ्यांऐवजी नाकाच्या शेंड्यावर किंवा कानावर जातो. वर्तमानपत्राचे पान टेबलावर पसरा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून पानाकडे साधारण ४५ अंशांनी तिरका रोखा, लेन्स पूर्ण उघडी ठेवा (म्हणजे ॲपर्चर, लेन्समधले उजेड आत येण्याचे भोक, सर्वांत मोठे आणि एफचा आकडा सर्वांत लहान) आणि एका ठरावीक ओळीवर फोकस करून पाच-सहा छायाचित्रे काढा. प्रत्येक वेळी फोकस आधी हाताने बिघडवून पुन्हा घ्या. स्पष्ट दिसणारी ओळ सतत त्या ओळीच्या पुढे किंवा मागे येत असेल, तर डी७५०च्या मेनूतील एएफ फाइन-ट्यूनमध्ये त्या लेन्ससाठी दुरुस्तीचा आकडा भरता येतो. माझ्या ५० मिमी लेन्सला ही दुरुस्ती लागली आणि ती केल्यावर मला नव्या कॅमेऱ्याची गरज निम्म्याने कमी वाटू लागली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

डी७५० वापरलेला विकत घेण्याचा विचार असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहा. या मॉडेलच्या सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांमध्ये, चौकटीच्या वरच्या कडेजवळ प्रखर दिवा किंवा सूर्य आल्यास पसरणारी चमक मध्येच कापल्यासारखी दिसत असे, तर काहींच्या शटरमध्ये दोष होता आणि त्यामुळे छायाचित्राचा काही भाग काळवंडत असे. निकॉनने दोन्हींसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली होती. चमकेच्या दोषासाठी तपासलेल्या कॅमेऱ्याला ट्रायपॉड लावायच्या भोकाच्या आत काळा ठिपका केलेला असतो. शटरचे काम झाले आहे का, हे मालकाकडच्या सर्व्हिसच्या कागदावरून पाहावे लागते. शटर काउंट (शटर आजवर किती वेळा उडाले तो आकडा) थेट कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपीईजी फाइलमध्ये नोंदलेला असतो. डी७५०चे शटर १,५०,००० वेळा चालवून तपासलेले आहे, त्यामुळे एक लाखाच्या पुढे गेलेल्या कॅमेऱ्याची किंमत त्याच हिशेबाने ठरवा.

लेन्सच्या बाबतीत आपल्या हवेत बुरशी हा मोठा शत्रू आहे. मुंबईत आणि कोकणात कपाटात बंद राहिलेल्या लेन्समध्ये दोन पावसाळ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च पाडा आणि पुढून तिरके पाहा.

३. लेन्सची यादी करा. खरा खर्च इथे लपलेला असतो

या पायरीवर घाई करू नका. निकॉनचे एफ माउंट १९५९ पासून चालत आले आहे. त्यात लेन्सच्या बसणीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी असते, कारण मधे आरशाला हलायला जागा लागते. २०१८ मध्ये आलेल्या झेड माउंटमध्ये आरसाच नसल्याने हे अंतर १६ मिमीवर आले आणि तोंडाचा व्यास ५५ मिमी झाला. म्हणजेच जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर लावायची, तर मधली ३०.५ मिमीची पोकळी भरून काढायला हवी. एफटीझेड ॲडॉप्टर म्हणजे तेवढे अंतर भरणारी पोकळ नळीच आहे. त्यात काच नसते, त्यामुळे छायाचित्राच्या दर्जात त्याने घट होत नाही.

घोळ होतो तो ऑटोफोकसमध्ये. निकॉनच्या जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते. डी७५०च्या बॉडीत मोटर आहे आणि बसणीवरच्या छोट्या स्क्रूने ती लेन्सचा फोकस फिरवते. झेड६ टूच्या बॉडीत अशी मोटर नाही, एफटीझेडमध्ये नाही आणि नंतर आलेल्या एफटीझेड टूमध्येही नाही. त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ डी किंवा ८५ मिमी एफ/१.८ डी यांसारख्या लेन्स, ज्या आपल्याकडे असंख्य हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांनी पहिली चांगली लेन्स म्हणून घेतल्या, त्या मिररलेसवर फक्त हाताने फोकस करता येणाऱ्या लेन्स होतात. मला एका दुकानात "ॲडॉप्टर लावला की तुमच्या सगळ्या लेन्स चालतात" असे सांगितले गेले होते. बसतात, उजेड मोजतात, ॲपर्चर बदलतात, हे सर्व खरे. पण मुंडावळ्यांखालचे नवरीचे डोळे धावपळीत हाताने फोकस करणे माझ्या आवाक्यातले नव्हते.

ओळखायची खूण सोपी आहे. लेन्स काढून तिच्या मागच्या धातूच्या कड्याकडे पाहा. स्क्रू ड्रायव्हरचे टोक बसेल अशी बारीक खाच दिसली, तर ती बहुधा बॉडीच्या मोटरवर चालणारी लेन्स आहे. नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असेल, तर मोटर लेन्समध्येच आहे आणि एफटीझेडवर ऑटोफोकस चालेल. माझी २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स अशीच असल्याने ती उत्तम चालली. सिग्मा, टॅमरॉन यांच्या जुन्या लेन्सच्या बाबतीत मात्र तोंडी आश्वासनावर विसंबू नका. तुमची स्वतःची लेन्स दुकानात नेऊन, ॲडॉप्टरवर लावून, तिथेच फोकस करून पाहा.

कॅननच्या वाचकांना ही पायरी सोपी आहे, कारण १९८७ मध्ये आलेल्या ईएफ माउंटपासूनच ऑटोफोकसची मोटर लेन्समध्ये ठेवलेली आहे आणि आरएफ माउंटच्या ॲडॉप्टरवर त्या लेन्स फोकससकट चालतात.

वहीत आता तीन रकाने करा: जशा आहेत तशा चालणाऱ्या लेन्स, हाताने फोकस करावा लागणाऱ्या लेन्स आणि विकून नव्या घ्याव्या लागणाऱ्या लेन्स. तिसऱ्या रकान्याची बेरीज अनेकदा बॉडीच्या किमतीपेक्षा जास्त निघते.

४. सेन्सरची तुलना: एकच लेन्स, एकच उजेड, रॉ फाइल

डी७५०चा सेन्सर २४.३ मेगापिक्सेलचा, झेड६ टूचा २४.५ मेगापिक्सेलचा. इंचाला ३०० ठिपके धरले, तर दोन्हींतून साधारण २० बाय १३ इंचांची छपाई कोणतीही ओढाताण न करता निघते, म्हणजे अल्बमच्या १२ बाय १८ पानाला दोन्ही पुरून उरतात. तरीही स्वतः तपासायचे असेल, तर रीत अशी ठेवा.

घरातल्या एका कोपऱ्यात, ट्यूबलाइट किंवा बल्बच्या स्थिर उजेडात, वेगवेगळ्या पोतांच्या वस्तू मांडा: पैठणीचा काठ, तांब्याचा लोटा, पुस्तकांच्या कडा, एखादी काळी वस्तू. कॅमेरा ट्रायपॉडवर, मोड मॅन्युअल, ॲपर्चर एफ/५.६, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फाइल रॉ. आयएसओ ८००, १६००, ३२००, ६४०० आणि १२८०० अशा पायऱ्यांनी छायाचित्रे काढा आणि प्रत्येक पायरीला शटरचा वेग दुप्पट करा. मग ट्रायपॉड न हलवता दुसरा कॅमेरा त्याच लेन्ससह लावून हेच सर्व पुन्हा करा.

इथे सापळा आहे तो जेपीईजीचा. कॅमेरा जेपीईजी बनवताना नॉइज पुसतो, कडा धारदार करतो आणि रंग गडद करतो. नवा कॅमेरा हे काम अधिक कुशलतेने करतो, म्हणून दोन जेपीईजींची तुलना ही बऱ्याच अंशी दोन प्रोसेसरांची तुलना असते. रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये, नॉइज कमी करण्याची सोय दोन्हींसाठी बंद ठेवून उघडा.

माझ्या डोळ्यांना आयएसओ १६०० पर्यंत काहीच फरक दिसला नाही. ६४०० वर झेड६ टू थोडा स्वच्छ होता, पण तो फरक एका स्टॉपपेक्षा (उजेडाच्या दुपटीच्या फरकापेक्षा) कमी वाटला. मग मी दोन्हींच्या ६४०० च्या फाइल १२ बाय १८ आकारात छापून घरच्यांना दाखवल्या आणि कोणता कागद कोणत्या कॅमेऱ्याचा, हे कोणालाही सांगता आले नाही. स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून पाहण्याबरोबर ही छपाई जरूर करा. केवळ "नव्या सेन्सरसाठी" कॅमेरा बदलणार असाल, तर माझ्या मते या जोडीत तो खर्च करू नये.

५. फोकसची तुलना: इथे दिवसभराचा वेळ द्या

डी७५०मध्ये ५१ फोकस बिंदू आहेत, पण ते सर्व चौकटीच्या मधल्या भागात गोळा झालेले आहेत. चेहरा कडेला हवा असेल, तर मधल्या बिंदूने फोकस घेऊन कॅमेरा वळवावा लागतो आणि एफ/१.८ वर इतके वळवण्यानेही फोकसची पातळी डोळ्यांवरून सरकते. झेड६ टूचे २७३ बिंदू चौकटीचा सुमारे ९० टक्के भाग व्यापतात आणि फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जात असल्याने दुसऱ्या पायरीत सांगितलेला पुढे-मागे सरकण्याचा दोष उद्भवतच नाही. शिवाय तो माणसाचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतो.

हे तपासण्यासाठी घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तुमच्याकडे नेहमीच्या चालीने चालत यायला सांगा. लेन्स पूर्ण उघडी, फोकस सतत चालणारा, प्रत्येक कॅमेऱ्याने पाच खेपा. मग प्रत्येक खेपेतली डोळ्यांवर अचूक फोकस असलेली छायाचित्रे मोजा आणि एकूण छायाचित्रांशी त्यांचे प्रमाण काढा. केवळ संख्या पाहू नका, कारण डी७५० सेकंदाला ६.५ छायाचित्रे काढतो आणि झेड६ टू १४ पर्यंत जातो. माणसांच्या बाबतीत माझ्याकडे मिररलेसचे प्रमाण प्रत्येक खेपेला चांगले आले आणि मंद उजेडात तर फरक आणखी वाढला. लग्नाच्या कामासाठी मला पटलेले सर्वांत मोठे कारण हेच.

पक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे. मेनूत "प्राणी ओळख" असे दिसते म्हणून अनेकजण पक्षीही ओळखला जाईल असे धरून चालतात; झेड६ टूमधली ही सोय कुत्रा आणि मांजर यांच्या चेहऱ्यांसाठी आहे. पक्ष्यांची ओळख निकॉनच्या नंतरच्या कॅमेऱ्यांमध्ये आली. भिगवणला होडीतून उडत्या रोहितांच्या थव्यामागे कॅमेरा फिरवताना, डी७५०ची थ्रीडी ट्रॅकिंग (हलत्या विषयामागे फोकस फिरवणारी सोय) माझ्या हाताला अधिक भरवशाची वाटली. तेव्हा तुमचा मुख्य विषय पक्षी असतील, तर "मिररलेस म्हणजे चांगला फोकस" एवढ्यावर न थांबता तुमच्या मनातल्या नेमक्या मॉडेलमध्ये पक्ष्यांची ओळख आहे का, हे आधी पाहा आणि मगच भाड्याने आणा.

६. व्ह्यूफाइंडरला डोळा सरावू द्या

डीएसएलआरमध्ये तुम्ही आरशातून आलेला खरा उजेड पाहता, मिररलेसमध्ये छोटा पडदा पाहता. या पडद्याचा फायदा असा, की छायाचित्र उजळ येणार की काळे, हे बटण दाबण्याआधीच दिसते; सह्याद्रीच्या कड्यावर मावळतीचे आकाश टिपताना मला याचा फार उपयोग झाला. तोटा असा, की काळोखात पडद्यावर दाणे दिसतात आणि तासन्‌तास पाहिल्यावर काहींचे डोळे थकतात. पाच मिनिटांत यावर मत बनवू नका. किमान दोन तास सलग वापरा.

स्टुडिओ फ्लॅश वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. एफ/८, १/१६० सेकंद, आयएसओ १०० अशी मांडणी केली, की पडदा जवळजवळ काळा होतो, कारण फ्लॅश उडण्यापूर्वी खोलीत तेवढा उजेडच नसतो. कॅमेरा बिघडला असे वाटून घाबरू नका. मेनूतील "अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू" बंद केले, की पडदा नेहमीसारखा उजळ दिसतो. बाहेर आल्यावर ते पुन्हा सुरू करायला मात्र विसरू नका.

७. हाताचा कंप आणि समोरच्याची हालचाल वेगवेगळी तपासा

झेड६ टूमध्ये सेन्सरच हलवून हाताचा कंप सावरण्याची सोय आहे. डी७५०मध्ये ती नाही, तिथे लेन्समधल्या व्हीआरवर (कंप सावरणाऱ्या सोयीवर) भिस्त ठेवावी लागते. ५० मिमी लेन्स हातात धरून १/३०, १/१५, १/८ आणि १/४ सेकंदाला प्रत्येकी दहा छायाचित्रे काढा आणि किती स्पष्ट आली ते मोजा. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा लेण्यांत, जिथे ट्रायपॉड नेता येत नाही, तिथे ही सोय खरोखर मोलाची आहे. पण तिने समोरचा माणूस थांबत नाही. हार घालताना वर उचललेले हात स्पष्ट हवे असतील, तर दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच १/२५० किंवा अधिक वेग लागतो आणि तिथे पुन्हा उघड्या ॲपर्चरची लेन्सच कामी येते.

८. नि:शब्द शटरचा मोह आवरा

आवाज न करता छायाचित्र काढता येते म्हणून नवे वापरकर्ते ही सोय कायम सुरू ठेवतात. या पद्धतीत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर थेट चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात. वेगाने फिरवलेला कॅमेरा किंवा वेगाने हलणारी वस्तू असेल, तर सरळ कडा तिरक्या होतात. शांतता आवश्यक असेल, तर आधी त्या जागेच्या उजेडात एक छायाचित्र काढून मोठे करून पाहा आणि पट्टे दिसले, तर शटरचा वेग १/१०० किंवा १/५० ठेवून पुन्हा पाहा. एरवी यांत्रिक शटरच वापरा.

९. बॅटरी, कार्ड, वजन आणि धूळ

एका चार्जवर डी७५०ची प्रमाणित क्षमता १२३० छायाचित्रांची आहे, तर झेड६ टूची व्ह्यूफाइंडरने ३४० आणि स्क्रीनने ४१०. सलग छायाचित्रे काढताना प्रत्यक्षात यापेक्षा बरीच अधिक मिळतात, तरी लग्नाच्या पूर्ण दिवसासाठी मी जुन्या कॅमेऱ्याला दोन आणि नव्याला चार बॅटऱ्या धरतो. डी७५०च्या ईएन-ईएल१५ बॅटऱ्या झेड६ टूमध्ये चालतात, मात्र कमी टिकतात आणि कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीने चार्ज होत नाहीत.

झेड६ टूमध्ये एक खण सीएफएक्सप्रेस किंवा एक्सक्यूडी कार्डाचा आणि दुसरा एसडीचा आहे. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी प्रत ठेवायची सवय असेल (लग्नाच्या कामात ती असायलाच हवी), तर महागड्या कार्डाचा आणि त्याच्या रीडरचा खर्च धरा.

वजनाबद्दलचा गैरसमज दूर करतो. बॅटरी आणि कार्डासह डी७५० ८४० ग्रॅम, झेड६ टू ७०५ ग्रॅम. त्यावर १३५ ग्रॅमचा एफटीझेड चढवला, की दोन्ही सारखेच. जुन्या लेन्स वापरत राहणार असाल, तर किल्ला चढताना पाठीला फरक पडणार नाही.

मिररलेसची लेन्स काढली, की सेन्सर थेट उघडा पडतो. डीएसएलआरमध्ये त्याच्यापुढे शटर आणि आरसा असतो. उन्हाळ्यात पठारावर लेन्स बदलताना कॅमेरा बंद करून तोंड खाली धरा आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा.

१०. हिशेब मांडा आणि मगच दुकानात जा

बॉडी, ॲडॉप्टर, जास्तीच्या बॅटऱ्या, कार्ड, रीडर आणि तिसऱ्या रकान्यातल्या लेन्स यांची बेरीज करा. जुन्या सामानाला मिळू शकणारी किंमत दोन ठिकाणी विचारून त्यातून वजा करा. मुंबईत फोर्ट भागात कॅमेऱ्यांची अनेक दुकाने जवळजवळ असल्याने एका दुपारी तीन-चार भाव कळतात. खूप स्वस्त भाव सांगितला गेला, तर माल अधिकृत आयातीचा आहे का, हे विचारा. तसा नसेल, तर भारतातली कंपनीची वॉरंटी लागू होत नाही. जीएसटी क्रमांक असलेले बिल, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरचा व बॉडीखालचा क्रमांक जुळणे, या तिन्हींशिवाय पैसे देऊ नका. वापरलेला कॅमेरा घेत असाल, तर मूळ बिलाची प्रत आणि विकणाऱ्याची सही असलेला विक्रीचा कागद मागून घ्या.

माणसांची छायाचित्रे किंवा व्हिडिओ हे तुमचे मुख्य काम असेल, तर मी मिररलेसकडे जायला सांगेन. डी७५०मध्ये व्हिडिओ १०८० पर्यंतच आहे आणि व्हिडिओ घेताना त्याचा फोकस अडखळत शोध घेतो, तर झेड६ टू फोरके चित्रण करताना चेहरा सोडत नाही. निसर्गदृश्ये, किल्ले, मंदिरे असे स्थिर विषय असतील आणि लेन्स बहुतांश एएफ-डी असतील, तर आहे तो डीएसएलआर दुरुस्त करून एक चांगली लेन्स घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. नव्यानेच शिकायला सुरुवात करणाऱ्याने, पैसे मोजके असतील, तर वापरलेला डीएसएलआर आणि एक ५० मिमी लेन्स घ्यायला अजिबात संकोच करू नये.

मी शेवटी झेड६ टू घेतला आणि डी७५० विकला नाही. ८५ मिमी डी लेन्स त्याच्यावरच राहते. नवा कॅमेरा आल्यावर पहिली तीन लग्ने मी दोन्ही सोबत ठेवली, दोन्हींची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवली, जेणेकरून संगणकावर छायाचित्रे वेळेच्या क्रमाने लागतील, आणि अक्षता पडण्याचा क्षण हाताला पूर्ण सवय असलेल्या जुन्या कॅमेऱ्यानेच टिपला. तुम्हीही पहिल्या महत्त्वाच्या कामाला एकटा नवा कॅमेरा घेऊन जाऊ नका. आधी पंधरा दिवस तो रोज घरात हाताळा आणि फोकसची पद्धत बदलणारे बटण न पाहता सापडू लागले, की मगच त्याला मांडवात न्या.